ताक आणि टाक



परवा जेवताना आम्ही सहा वर्षांच्या नातीला म्हणालो, "बाळ, भातावर थोडे ताक टाक." तिने वाक्य हसत परत म्हटले, पण दोन्ही शब्द एकच निघाले. मास्तरकीच्या सवयीने आम्ही दहादा म्हणवून घेतले. पोर रडकुंडीला आली. "आजोबा, तुम्हीसुद्धा दोन्ही वेळा एकच म्हणता!"

तिचे खरे आहे. हिब्रूत तेथ आणि ताव लिहिताना वेगळे, आजच्या बोलण्यात उच्चार एकच. तिच्या कानाला हा फरक कधी लागलाच नाही.

जन्मतः मात्र असे नसते. १९८४ साली जॅनेट वर्कर व रिचर्ड टीज यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्यांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, म्हणजे खेळणे दिसे. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेकांना फरक कळला. १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांना. बाळ बिघडत नाही. घरात जे बोलतात त्यात ते तरबेज होते, बाकीचे सोडून देते.

मग दोष कोणाचा? आमचा मुलगा लहान असताना बालवाडीतल्या एका बाईंनी बजावले, घरी हिब्रूच बोला, नाहीतर मागे पडेल. आम्ही ऐकले. ज्यांना 'हेथ' अजून धड जमत नाही त्यांनी हिब्रूत संसार केला! (त्सादी मात्र जमते, 'चमच्या'तल्या च-मुळे.) हेतू चांगला होता. पण ज्याला बोलता येत नव्हते त्याच्या वतीने आम्ही नकार देऊन बसलो, आणि तो आता नातीपर्यंत पोचला. चांगल्या हेतूने हिशेब फिटतो का? आम्हांस वाटते, अर्धाच.

कोणी म्हणेल, मराठी गाणी लावून ठेवा. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या मुलांना चिनी ऐकवले. समोर बसून खेळवत बोलणाऱ्या माणसाकडून १२ बैठकांत त्यांना चिनी आवाजांतला फरक कळू लागला. तेच पडद्यावरून किंवा ध्वनिफितीवरून ऐकवले तर काही उपयोग झाला नाही. माणूस लागतो.

धाकटा नातू आता पाच महिन्यांचा आहे. सून विचारते, "याला मराठीचा काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे, तिला पटेल असे उत्तर आमच्यापाशी नाही. मंगळवारी दुपारी तो आमच्या मांडीवर असतो. आम्ही त्याला डाळ, दार, ताट, टोपी, वांग्यांचे भाव, सगळे सांगतो. तो तोंडाकडे टक लावून पाहतो. नात शेजारी बसून ऐकते.