पोटाचे माप आणि पंगतीचा आग्रह



आपल्या चर्चच्या सणाच्या दिवशी मिस्सानंतर पंगत बसली होती. वरण-भात, पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदीचे लाडू असा बेत होता. दरवर्षीप्रमाणे मीही लाडवांचे ताट घेऊन वाढायला निघालो. एका ताईंच्या पत्रावळीवर दोन चमचे घट्ट वरण आणि थोडीशी भाजी एवढेच होते. मी म्हणालो, "ताई, आज सण आहे. फादरांच्या हातचा एक तरी घ्यावाच लागेल." त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "नको, फादर," म्हणाल्या. मी गमतीने त्यांचा हात बाजूला सारला आणि लाडू ठेवलाच. आजूबाजूचे हसले. माझा मान राखायचा म्हणून त्यांनी तो खाल्ला.

अर्ध्या तासाने त्या चर्चमागच्या ओट्यावर पोट धरून बसलेल्या दिसल्या. अंग घामाने भिजलेले, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. थोड्या वेळाने बरे वाटले, तेव्हा त्यांनी सांगितले. दीड वर्षापूर्वी शहरात त्यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती. गावात कोणाला सांगितले नव्हते, तरी कुजबुज झालीच होती. "पैसे असले की उपवास करायला नको, पोटच कापून घेता येतं," असे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

नंतर त्या भेटायला आल्या आणि दोन प्रश्न विचारले. पहिला : "उपवासाने आणि प्रार्थनेने जे मला जमलं नाही, ते मी डॉक्टरांकडून करून घेतलं. हे चुकीचं आहे का?" दुसरा : "आता वजन परत चार किलोंनी वाढलंय. म्हणजे मी हरले का?" त्यांच्या परवानगीने, त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने, हे प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवत आहे. कारण ते एकट्या त्यांचे नाहीत.

प्रथम ही शस्त्रक्रिया काय असते ते पाहू. तिचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. दुसऱ्यात, म्हणजे बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाची अंड्याएवढी लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. ताईंची बायपास झाली होती. अशा माणसाने लाडू खाल्ला, तर साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते, आतडे पाणी ओढून घेते आणि घाम, धडधड, चक्कर सुरू होते. मी प्रेमाने वाढलेल्या लाडवाने हेच केले.

शस्त्रक्रियेनंतरचा मार्ग लांब आहे. आधी नुसते पातळ पाणीदार पदार्थ, मग दाट पेज, मग कुस्करलेले, मग मऊ, आणि काही आठवड्यांनी नेहमीचे अन्न. ताटात आधी डाळ, अंडे, पनीर, मासे यांसारखी प्रथिने खायची, भात-भाकरी नंतर. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी प्यायचे नाही. जीवनसत्त्वांच्या आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात आणि मन खचते. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो, हेही कुटुंबांनी लक्षात ठेवावे.

यात आळशी माणसाची सोय कुठे आहे? मोतीबिंदू काढून घेणाऱ्या आजोबांना आपण आडवाटेने गेले असे म्हणत नाही. पण कोणी म्हणेल, "फादर, डोळा पाप करत नाही. खाणे मात्र इच्छेचे काम आहे." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

खादाडपणा हे सात मुख्य पापांपैकी एक आहे. पण ते पाप किलोत मोजले जात नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी पोप संत ग्रेगरी यांच्या आधारे खादाडपणाच्या पाच तऱ्हा सांगितल्या आहेत : वेळेआधी खाणे, महागड्या पदार्थांचाच हव्यास, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशीपणे खाणे, आणि खास आपल्या जिभेसाठी कौतुकाने करवून घेणे. पाचांपैकी फक्त एकच प्रमाणाबद्दल आहे. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवणारा सडपातळ माणूसही या यादीत बसतो. खुद्द थॉमस अंगाने स्थूल होते असे परंपरा सांगते. तेव्हा कोणाच्या शरीराकडे पाहून त्याच्या आत्म्याचा हिशेब मांडणे, हे चुकीचे गणित आहे.

शिवाय इच्छा एकटी काम करत नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे 50 स्थूल माणसांना कडक आहारावर ठेवून त्यांचे वजन उतरवण्यात आले. 2011 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. वजन उतरल्यावर एक वर्षानेही त्यांच्या शरीरातील भुकेची रसायने वाढलेलीच होती. शरीर गमावलेले वजन परत मागत होते. ज्याला आपण "मनाचा कच्चा" म्हणतो, तो कधीकधी आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या भुकेशी रोज झगडत असतो.

म्हणून पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे : ताई, तुम्ही चुकीचे केले नाही. मधुमेह आणि गुडघेदुखीने जीव मेटाकुटीला आला असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, धोका समजून घेऊन उपचार घेणे ही देवाने दिलेल्या शरीराची काळजी आहे. संयमाचे काम त्यामुळे संपले नाही. आईस्क्रीम आणि शीतपेये त्या लहान पिशवीतूनही सहज उतरतात. कंटाळा आला, भांडण झाले, एकटे वाटले म्हणून लागणारी भूक कोणत्याही सुरीने काढता येत नाही. आधी संयम पुरात पोहत होता, आता त्याच्या पायाला जमीन लागली, एवढेच.

दुसरा प्रश्न वजन परत वाढल्याचा. स्वीडनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या 2010 लोकांची आणि न झालेल्या 2037 लोकांची अनेक वर्षे नोंद ठेवली गेली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरले आणि दहा वर्षांनंतर ही घट 25 टक्क्यांवर आली. म्हणजे थोडे वजन परत येणे हे नेहमीचेच आहे. त्याच काळात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 101 जण मरण पावले, तर न झालेल्यांपैकी 129. काटा चार किलोंनी पुढे गेला म्हणजे हरलो, असे नव्हे. डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे परत जायचे, लपायचे नाही.

पण ताई रोज दोनदा काट्यावर उभ्या राहत होत्या आणि भाकरीचा घास दिसला तरी घाबरत होत्या. भीतीने न खाणे हाही संयम नव्हे. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात नेमके जेवणाचेच उदाहरण दिले आहे. दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून सहा माप सर्वांना योग्य असे होत नाही. सहा माप नामांकित मल्लाला कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. योग्य माप ज्याचे त्याचे असते. निर्गमच्या सोळाव्या अध्यायातील मान्नाची कथाही हेच सांगते. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. आणि उद्यासाठी साठवले त्यात किडे पडले. माप ज्याचे त्याचे, आणि तेही त्या दिवसापुरते. ताईंना मी एवढेच म्हणालो, "दीड वर्षाचा हिशेब राहू द्या. आजच्या दिवसापुरते बघा."

आता आपल्याकडे वळू या, कारण त्या दिवशी चुकले होते ते आपले. आपण एवढा आग्रह का करतो? माझ्या आईने 1972 चा दुष्काळ पाहिला. मराठवाड्यात माणसे खडी फोडायला गेली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, मुलांनी सुकडीवर दिवस काढले. ज्या घरांनी उपाशी रात्री काढल्या, त्या घरांत पाहुण्याला भरपेट वाढणे हाच सर्वांत मोठा मान झाला आणि "अंगाने भरली" ही स्तुती झाली. हा आग्रह भुकेच्या आठवणीतून आला आहे. त्याची चेष्टा मी करणार नाही.

पण काळ बदलला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 24 टक्के जादा वजनाच्या, तर जवळपास 19 टक्के कमी वजनाच्या आढळल्या. एकाच पंगतीत एकीला आणखी एक भाकरी हवी असते आणि दुसरीला ती नको असते. दोघींना सारखे वाढणे हा न्याय नव्हे. विचारून वाढणे हा न्याय आहे.

आणि आपली नजर? 2011 च्या सप्टेंबरमध्ये नागपूरचे नितीन गडकरी पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना त्यांची मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली. ते वजनाविषयी जाहीरपणे बोलतात, त्यामुळे इतरांनाही बोलायला धीर येतो. 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद या भगिनीला उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, पुढे त्यांना अबू धाबीला नेले आणि सप्टेंबरमध्ये तेथे त्यांचे निधन झाले. ते सारे महिने त्यांचे वजन किती उतरले याचीच चर्चा जगभर होती. लहानपणापासून आजारी असलेली, वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेली एक मुलगी, कोणाची तरी बहीण, त्या आकड्यामागे दिसेनाशी झाली. आपणही हेच करतो. "किती बारीक झालीस, आजारी आहेस का?" आणि सहा महिन्यांनी, "परत सुटलीस की गं." दोन्ही वेळा आपण माणसाकडे पाहत नाही, काट्याकडे पाहतो.

उपवासाबद्दलही अनेकांच्या मनात शंका असते. भस्म बुधवार आणि गुड फ्रायडेचा उपवास 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत आहे, पण आजारी माणसाला त्याचे बंधन नाही. डॉक्टरांनी ठरावीक वेळाने थोडे थोडे खायला सांगितले असेल, तर ते खाणे हीच तुमची आज्ञाधारकता. प्रायश्चित्त म्हणून मोबाईल दूर ठेवा, रागावलेल्या माणसाशी बोला, गरजूला शिधा द्या. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासात पाणी आणि औषध चालतेच, आणि आजाऱ्यांना तोही बंधनकारक नाही.

मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "फादर, लाडवाचं काही नाही. मी 'नको' म्हटलं ते तुम्ही ऐकलं नाही, ते लागलं."

हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत. संयम ज्याचा त्याने पाळायचा असतो हे खरे, पण त्याला आधार द्यायचा की धक्का, हे पंगतीतले बाकीचे ठरवतात. पुढच्या सणाला आपण एक गोष्ट करू. वाढणारा एकदाच विचारील, "वाढू का?" आणि "नको" म्हटले की पुढे जाईल. लाडवांचे ताट बाजूला ठेवू, हवा त्याने घ्यावा. घरीही सासूबाईंनी सुनेला, मामांनी भाच्याला तेवढी मोकळीक द्यावी.

दर रविवारी आपण वेदीसमोर रांगेत उभे राहतो. तिथे प्रत्येकाला एक लहानसा तुकडा मिळतो. मल्लालाही तेवढाच आणि आजाऱ्यालाही तेवढाच. कोणी कोणाला आग्रह करत नाही, कोणी कोणाच्या हाताकडे पाहत नाही, आणि तरीही कोणी उपाशी परतत नाही. त्या मेजावरची ही रीत आपल्या पंगतीत यावी, अशी मी स्वतःसाठी आणि तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

तुमचाच,
धर्मगुरू