दूरच्या वाटेवर असलेल्यांचा सण



दसरा झाला. धारूरच्या डोंगरातली सीताफळे बाजारात आली आणि त्यांच्या मागोमाग ट्रक-ट्रॅक्टर वस्त्यांच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि लहान मुले असा सारा संसार वर चढतो आणि आपली माणसे ऊसतोडीला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी साताऱ्याकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. दरम्यान आपल्या या बालाघाटच्या डोंगरावर एकामागून एक सण येऊन जातात. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा भरते, मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव होतो, डिसेंबरात आपला नाताळ येतो, माघात परळीला महाशिवरात्रीची गर्दी होते.

गेल्या नाताळच्या रात्री मिस्सा संपताना आम्ही वेदीवरून म्हणालो, "आज आपले सारे कुटुंब एकत्र जमले आहे." बाहेर एका आजीने आमचा हात धरला आणि ती हळूच म्हणाली, "फादर, समदे जमले म्हणलात. माझं तर कुणीच न्हाई आलं." तिची दोन मुले, सुना, नातवंडे सारी फडात होती. आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही समोरची माणसे मोजली होती, नसलेली मोजलीच नव्हती. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात आहे : ज्या सणाला निम्मे घर हजर नाही, तो सण कोणाचा? आणि मागे उरलेल्यांनी तो आनंदाने साजरा करावा का?

इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात एक साधे निरीक्षण नोंदवले आहे. प्राचीन काळचे यज्ञ आणि मेळावे सुगीनंतर होत असत, कारण लोकांना सवड मिळे ती त्याच वेळी. आपल्याकडचे पुष्कळ सणही शेतीच्या चक्राला धरून आहेत. पण या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. माणूस स्वतःच्या शेताजवळ राहतो आणि सुगी त्याच्याच घरी येते, ही ती गोष्ट. जो दुसऱ्याची सुगी कापायला जातो, त्याच्यासाठी हे पंचांग उलटे होते. इतरांना सवड असते तेव्हा त्याच्या हातात कोयता असतो. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणून हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो आणि तोडही थांबत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. सणासाठी खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी जाते, आणि अनेकदा वर दंडही बसतो.

विसाव्या शतकातील जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी १९६३ साली सणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की सण म्हणजे केवळ सुट्टी नव्हे. देवाने निर्माण केलेले हे जग आणि हे जीवन मुळात चांगले आहे, याला माणसाने दिलेला होकार म्हणजे सण. हा विचार आम्हांला मनापासून पटतो. पण मग आपली अडचण वाढते. आपल्या केकमधली आणि करंजीतली साखर ज्या उसाची, तो कदाचित आपल्याच माणसाने पहाटेच्या थंडीत तोडलेला असेल. त्याच्या वतीने "जीवन चांगले आहे" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले उत्तर : मग सण करूच नये, निदान साधेपणाने उरकावा. हे दिसायला त्यागाचे आहे, पण गावात उरलेत कोण? म्हातारी माणसे आणि आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले. आई-बाप नाहीत म्हणून त्यांचा नाताळही काढून घ्यावा का? फडात गेलेल्या आईलाही ते नको असेल. दुसरे उत्तर : सणच पुढे ढकलावा, सर्व परतल्यावर चैत्रात करावा. तारखेविषयी आमचा हट्ट नाही. ख्रिस्ताचा जन्म २५ डिसेंबरलाच झाला असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही. तरीही जगभरच्या ख्रिस्तसभेबरोबर एकाच रात्री गाणे, हीदेखील एक सोबत आहे. सोयीप्रमाणे हलणारा सण अखेर कोणाचाच राहत नाही.

पवित्र शास्त्राने मात्र तिसरी वाट दाखवली आहे. गणना या पुस्तकाचा नववा अध्याय जरूर वाचा. प्रेताच्या स्पर्शामुळे काही जणांना वल्हांडण सण पाळता आला नाही. ते मोशेकडे येऊन विचारतात की आम्हांलाच का वगळले? मोशे त्यांना दटावत नाही आणि स्वतःचा निर्णयही देत नाही. तो देवाला विचारतो. आणि उत्तर प्रश्नापेक्षा मोठे येते. अशा लोकांनी, आणि जे दूरच्या प्रवासात असतील त्यांनीही, पुढच्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी तोच सण पाळावा. पहिली तारीख रद्द होत नाही. परंतु जो वाटेवर आहे त्याच्यासाठी दुसरी तारीख राखून ठेवली जाते, तीही उपकार म्हणून नव्हे, त्याचा हक्क म्हणून.

आम्हांला वाटते, आजीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. सण फक्त जमलेल्यांचा नसतो आणि गैरहजर माणसासाठी तो थांबवायचाही नसतो. त्याची जागा त्यात राखून ठेवायची असते. पहिल्या नाताळची बातमीसुद्धा रात्री रानात काम करणाऱ्या मेंढपाळांनाच आधी मिळाली, आणि ज्यांच्या पोटी तो जन्मला ते आईबापही त्या रात्री घरापासून दूर, वाटेवरच होते.

२ नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून वेदीपाशी ठेवतो. जे मेले त्यांची नावे आपल्याला आठवतात. जे जिवंत आहेत आणि केवळ दूर आहेत, त्यांची का आठवू नयेत? म्हणून या रविवारी आणि पुढच्या रविवारी प्रत्येक घराने फडात जाणाऱ्यांची नावे लिहून द्यावीत, लहान मुलांचीसुद्धा. नाताळच्या मध्यरात्री ती नावे मोठ्याने वाचली जातील. रोषणाईसाठी जमणाऱ्या वर्गणीतला अर्धा भाग बाजूला राहील. माणसे परतल्यावर, ईस्टरनंतरच्या एका रविवारी, त्या पैशातून सर्वांचे एकत्र जेवण होईल. यंदा मांडव लहान दिसेल. काहींना ते आवडणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.

आणखी एक सांगितले पाहिजे. नावे वाचल्याने उचल फिटत नाही, आणि जेवण घातल्याने मजुरीचा न्याय होत नाही. तो प्रश्न वेगळा आहे आणि तो सुटेपर्यंत आपल्या होकारात थोडी बोच राहीलच. ती राहू द्यावी. पण यंदा मिस्सानंतर ती आजी पुन्हा भेटली, तर निदान एवढे तिला सांगता येईल : "आजी, तुमची माणसे आली नाहीत, पण त्यांना आम्ही मोजले आहे."

प्रभू सर्वांचा प्रवास सुखाचा करो.

तुमचे धर्मगुरू