कारागिराची निष्ठा

पॅरिसजवळील सेव्र येथील चिनी मातीचा कारखाना १७५९ सालीं फ्रान्सच्या राजानें आपल्या मालकीचा केला. पुढें १७७३ सालीं तेथील मूर्तिशाळा बोआझो नांवाच्या मूर्तिकाराच्या हातीं आली. त्यानें राणी मारी आंत्वानेत हिचा अर्धपुतळा घडविला. १७९३ च्या ऑक्टोबरांत राणीचा भर चौकांत शिरच्छेद झाला. त्यानंतर प्रजासत्ताकाच्या देवताहि ह्याच बोआझोनें घडविल्या, आणि शतक संपण्यापूर्वीं जनरल बोनापार्टचा अर्धपुतळाहि त्यानेंच केला. अशा मनुष्यास काय म्हणावें? वाचकांच्या तोंडीं जो शब्द येईल तो फारसा सभ्य नसेल.

परंतु निकाल देण्यापूर्वीं ती वस्तु कशी होते हें पाहिलें पाहिजे. ह्या पुतळ्यांस ‘बिस्किट’ असें नांव आहे. त्यांवर झिलई नसते, रंगहि नसतो. झिलईखालीं लहानसहान दोष झांकतात. येथें तो आसरा नाहीं. मूर्तीचे भाग सांच्यांतून काढून पातळ मातीनें जोडावयाचे, केंसांच्या बटा आणि पोषाखाची लेस हत्यारानें पुन्हा उठवावयाची, आणि मग सर्व भट्टीच्या स्वाधीन करावयाचें. तेथें मूर्ति आकसते, आणि कोठें कमीअधिक आकसली तर तडकते. चेहरा राणीचा आहे कीं सेनापतीचा, हें मातीला ठाऊक नसतें. जन्मभर अशा मातीशीं झगडणाऱ्या मनुष्याची पहिली निष्ठा तिच्याशींच जडली, तर आम्हांस नवल वाटत नाहीं.

तरीहि आम्ही त्यास सर्वस्वीं निर्दोष म्हणणार नाहीं. अर्धपुतळा म्हणजे नुसता चेहरा नव्हे. तो दिवाणखान्यांत उच्चासनावर बसतो आणि घरांतल्या मुलांस आदर कोणाचा करावा हें शिकवितो. ‘मी केवळ माती घडविली’ हें उत्तर म्हणूनच अपुरें पडतें. पगारावर जगणाऱ्या आम्हां लोकांस हें उत्तर इतकें जवळचें वाटतें, हीहि एक शंकेचीच गोष्ट आहे!

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे. राज्याबरोबर कारखान्याची खूण बदलत गेली. राजाचीं गुंफलेलीं दोन अक्षरें गेलीं, प्रजासत्ताकाचीं आलीं, पुढें साम्राज्याचा गरुड आला. माल ज्या राज्यांत झाला त्याचें नांव उघड होतें. एकोणिसाव्या शतकांतील नकला करणाऱ्यांनीं मात्र नव्या मालाखालीं तींच जुनीं राजाक्षरें उमटविलीं आणि तो जुना म्हणून खपविला. वरवर पाहतां राजाशीं सर्वांत एकनिष्ठ हेच ठरतात.

बोआझो १८०९ सालीं वारला. १८१४ सालीं जुनें राजघराणें परत आलें तें त्यास पाहावें लागलें नाहीं. तो जिवंत असता तर राणीचा सांचा पुन्हा बाहेर काढण्यास त्यास सांगितलें असतें. त्यानें नकार दिला असता असें आम्हांस वाटत नाहीं. आणि नव्या मूर्तींतील बटा त्यानें पूर्वीइतक्याच काळजीनें उठविल्या असत्या, ह्याविषयींहि आम्हांस शंका नाहीं.