पाटी फुटेपर्यंत

वस्तू केव्हा बदलायची हा प्रश्न आमच्या लहानपणी कुणाला पडत नसे. फुटली की बदलायची. तीही लगेच नाही. कपाचा कान तुटला की तो कप दाढीच्या पाण्याला जायचा. धोतर विरलं की त्याचे पंचे व्हायचे, पंचे विरले की हातपुसणी, आणि हातपुसणी विरली की पायपुसणी. आमच्या घरात कुठल्याही वस्तूला एका जन्मात मोक्ष मिळत नसे. चौऱ्यांशीचा फेरा म्हणजे काय ते मला पुराणातून नाही कळलं, आजीच्या बोचक्यातून कळलं.

हे आठवायचं कारण असं, की गेले चार महिने मी एका पाटीपायी बेचैन आहे. पाटी म्हणजे टॅब्लेट. टॅब्लेट म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला आधी रक्तदाब आठवतो, म्हणून मी आपला पाटी म्हणतो. आणि यात माझं मराठीप्रेम वगैरे काही नाही. युरोपीय संघाने २०२३ साली फोन आणि टॅब्लेट किती टिकले पाहिजेत याचा जो नियम केला, त्यात या वस्तूचं नावच मुळी ‘स्लेट टॅब्लेट’ असं आहे. म्हणजे पाटीच की हो!

माझी पाटी २०१४ सालची. मुलाने घेतली होती. तो बंगळूरला गेला, त्याने नवी घेतली, आणि ही माझ्याकडे आली. (पूर्वी थोरल्याचे शर्ट धाकट्याला यायचे. हल्ली धाकट्यांच्या वस्तू थोरल्यांना येतात. प्रगती म्हणतात ती हीच असावी.) तिच्यावर मी पेपर वाचतो, शब्दकोडी सोडवतो, दुपारी नाट्यसंगीत ऐकतो आणि रविवारी नातीशी बोलतो. म्हणजे तिचा चेहरा बघतो आणि ती माझं कपाळ बघते.

अलीकडे मात्र पाटीची लक्षणं बरी दिसेनात. रात्री भरून ठेवली तरी सकाळी सहाला मान टाकलेली. एके दिवशी बँकेच्या ॲपने सांगितलं, ‘तुमच्या उपकरणावर हे ॲप आता चालणार नाही.’ त्या निरोपातली भाषा ओळखीची वाटली. माझ्या निवृत्तीचं पत्र साधारण याच भाषेत होतं.

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, कितीची झाली ती? तिच्या अपडेट्स केव्हाच बंद झाल्यात. नवी घ्या. मीच पाठवतो.”

वास्तविक इथे विषय संपायला हवा होता. पण मी पडलो मध्यमवर्गीय. मध्यमवर्गीय माणसाला नवी वस्तू हवी असते, नाही असं नाही, पण ती हवी असल्याबद्दल कुणाचं तरी प्रमाणपत्रही हवं असतं. जुनी वस्तू खरोखरच कामातून गेली आहे, यात आपला काडीचाही दोष नाही, आपण नाइलाजाने दुकानात आलो आहोत, असं प्रमाणपत्र. मी हिला विचारलं, “काय गं, आता ही बदलायला हवी, नाही?”

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पेपर दिसतो ना तिच्यावर?”

“दिसतो.”

“गाणं लागतं?”

“लागतं.”

“मग काय तिच्यावर पोळ्या भाजायच्यात?”

‘मिलिंदप्रश्न’ नावाचा पाली ग्रंथ आहे. त्यात यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांची प्रश्नोत्तरं आहेत. राजा रथात बसून आलेला. नागसेन त्याला विचारतो, महाराज, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे तरी कुठे? मी पाटी मांडीवर घेतली आणि तोच प्रयोग केला. काच जुनी झाली का? ओरखडासुद्धा नाही. आवाज? शेजारी तक्रार करतात, म्हणजे खणखणीत आहे. कॅमेरा? जसा होता तसाच आहे. त्यात दिसणारा माणूस जुना झाला, तो प्रश्न वेगळा. मग हिचं जुनेपण नेमकं आहे कुठे?

विचार करता करता लक्षात आलं, की ते बरंचसं पाटीच्या बाहेर आहे. जगाने तिच्याशी बोलायचं सोडलं होतं. पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आला आणि मे २०१२ नंतर त्याला नवी आवृत्तीच मिळाली नाही. दोन वर्षांत पेन्शनीत! काच शाबूत, यंत्र शाबूत, पण बाहेरचे व्यवहार एकेक करून बंद. आता २०२३-२४ पासून काही कंपन्या फोनला सात सात वर्षांचं वचन देऊ लागल्या आहेत. यात सगळाच कट असतो असं मात्र म्हणवत नाही. जुन्या यंत्राला नवा भार खरोखरच पेलत नाही. जिना चढताना मला रोज त्याची खात्री पटते. पण कट कधी झालेच नाहीत असंही नाही. १९२४ साली जगातल्या मोठमोठ्या बल्बवाल्या कंपन्यांनी जिनीव्हात बसून ठरवलं होतं, की बल्ब हजार तासांहून जास्त टिकता कामा नये. ज्याचा जास्त टिकेल त्याला दंड! चांगलं काम केल्याबद्दल शिक्षा होते हे मी नोकरीत पाहिलं होतं, पण त्याचा लेखी करार असतो हे माहीत नव्हतं.

शेवटी निकाल तज्ज्ञावर सोपवावा म्हणून मी पाटी घेऊन तपकीर गल्लीत गेलो. दुकान एवढंसं. माणूस आत, गिऱ्हाईक रस्त्यावर. दुकानातला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने पाटी उलटीपालटी केली, वैद्याने नाडी बघावी तशी कडेला बोटं लावली. मी आधीच चेहरा गंभीर करून ठेवला होता. म्हटलं, “स्पष्ट सांग. काही आशा आहे का?”

“बॅटरी गेलीय काका. बाकी मस्त आहे. लिथियमची बॅटरी वापरली तरी म्हातारी होते आणि नुसती ठेवली तरी होते. चौदाशे रुपये. संध्याकाळी घेऊन जा.”

“पण अपडेट्स येत नाहीत ना रे?”

“नाही ना. म्हणून तिच्यावर बँक बघू नका, पैशाचं काही करू नका. ते फोनवर करा. पेपर, गाणी, पत्ते, आरामात चालेल. आमचा हिशोब काय असतो काका, दुरुस्ती नव्याच्या अर्ध्याच्या वर गेली की सोडून द्यायचं. तुमची तर पावसुद्धा नाही.”

संध्याकाळी पाटी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बघतो तर टवटवीत! अशा वेळी माणसाला आनंद व्हावा की नाही? चौदाशे रुपयांत काम झालं, मुलाचे पंचवीस-तीस हजार वाचले. जगाच्या कचऱ्यात भर पडली नाही, हे आणखी वेगळं. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो जेमतेम २२ टक्के. आता त्यात माझी अर्ध्या किलोची पाटी ती काय, असं मनात येतं. पण प्रत्येक जण आपली अर्ध्या किलोचीच टाकत असतो. टनाची पाटी कुणाकडेच नसते.

तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगायचं तर हॉस्पिटलबाहेर तासभर तोंड पाडून बसावं आणि डॉक्टरांनी येऊन “घरी घेऊन जा, ठणठणीत आहेत” म्हणावं, आणि आपल्याला किंचित, अगदी किंचित, वाईट वाटावं, तसं झालं. मला ती मेलेली हवी होती.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी एक गोष्ट लक्षात आली. मी पाटी टेबलावर ठेवायचो ती कडेला. पूर्वी मध्ये ठेवायचो. आता चार बोटं बाहेर डोकावेल अशी. ठरवून नव्हे हो! पण ठेवायचो खरी.

आणि एकदम साठ वर्षांपूर्वीची दुसरी पाटी आठवली. दगडी, लाकडी चौकटीची. मी दुसरीत होतो. थोरल्या भावाची पाटी माझ्याकडे आलेली. कोळसा घासघासून तिचा रंग टिकवायचा, दसऱ्याला तिच्यावर एक आकड्यांची सरस्वती काढायची. वाईट काहीच नव्हतं तिच्यात. पण माझ्या शेजारच्या मुलाने नवी पाटी आणली. तिच्या चौकटीत तारेवर रंगीत मणी होते, लाल, पिवळे, हिरवे. ते मणी तो बोटाने सरकवायचा तेव्हा जो आवाज यायचा, तो मला रात्री झोपेत ऐकू यायचा. मी वडिलांकडे पाटी मागितली. ते म्हणाले, “ही फुटली की घेऊ.”

ही फुटली की. मी आठ दिवस पाटी ओट्याच्या कडेला ठेवत होतो. मांजर धक्का देईल, आई पदराने ओढेल, काहीतरी होईल. काही होईना. आमचं मांजरसुद्धा प्रामाणिक होतं. नवव्या दिवशी मी कोपराने तिला जरासा, अगदी जरासा, आधार काढून दिला. तिचे तीन तुकडे झाले. मी रडलोसुद्धा. विशेष म्हणजे ते रडणं खरं होतं. दुःख आणि आनंद एकाच वेळी एवढे खरे मला पुन्हा कधी झाले नाहीत.

वडिलांनी तुकडे उचलले. माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. त्या काळचे वडील बोलत नसत, आपल्याला बोलायला लावायचे. संध्याकाळी कचेरीतून येताना त्यांनी नवी पाटी आणली. पत्र्याची! मणी नाहीत, काही नाही. माझ्या हातात देत म्हणाले, “ही फोडून दाखव.”

ती पाटी काही फुटली नाही. माझी चौथी झाली, धाकट्या बहिणीची झाली, मग कित्येक वर्षं ती मोरीतल्या पिंपावर झाकण म्हणून होती. पाणी घ्यायला गेलो की दिसायची.

निर्जीव वस्तूला काही कळत नाही, मग तिचं मरण चिंतण्यात पाप कसलं, असा युक्तिवाद मी आता करून पाहिला. बिनतोड आहे. पाटीला खरोखरच काही कळलं नसेल. पण वडिलांना कळलं होतं. आणि मुलाने दिलेली, नातीचं तोंड दाखवणारी, चौदाशे रुपयांत उठून बसलेली पाटी टेबलाच्या कडेला ठेवताना मलाही कळतच होतं. हाव कबूल करून दुकानात जावं, की हावेला अपघाताचा सदरा घालून न्यावं, एवढाच काय तो प्रश्न. सरळ “मला मणी हवेत” म्हणण्याची छाती मला दुसरीत झाली नाही, ती अडुसष्टाव्या वर्षी कुठून होणार?

परवा दुपारी ही चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा करताना तिने पाटी आत सरकवली. म्हणाली, “इतक्या कडेला का ठेवता हो? रोज बघते मी.”

“लक्षात नाही राहत,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

काल पार्सल आलं. आत पाटीचं कव्हर होतं, बोटभर जाडीच्या निळ्या रबराचं, लहान मुलांच्या टॅब्लेटला असतं तसं, चारी कोपऱ्यांना फुगे आलेलं. नातीला विचारून हिनेच मागवलं होतं. स्वतःच्या हाताने तिने पाटी त्यात दाबून बसवली, वरून दोनदा थोपटली आणि माझ्यापुढे ठेवली.

“घ्या,” म्हणाली. “आता खुशाल पडू दे.”