रेफ्रीवर खापर फोडू नकोस

मान वर कर. रेफ्रीनं अन्याय केला, समोरच्या पोरानं डिवचलं, असं बसमध्ये सगळ्यांना सांगत सुटला होतास. आलंय माझ्या कानावर. आता माझं ऐक. पहिल्या हाफमध्ये पेनल्टी बारवरून मारलीस. तिथून पुढं तू खेळतच नव्हतास. कडेला वडील उभे होते, त्यांना तोंड कसं दाखवायचं हेच डोक्यात. लाज वाटत होती तुला. ती कबूल करायला जड, म्हणून राग काढलास, आणि तोही कुणावर? ज्याचा काडीचा संबंध नाही अशा पोरावर. तू लाल कार्ड घेऊन बाहेर बसलास, उरलेली मॅच दहा जण धावून मेले.

म्हणे, ‘सर, राग आवरत नाही, स्वभावच तसा आहे.’ हेडसरांपुढं बरा आवरतो! सोयीचा स्वभाव आहे लेका तुझा. उद्या तालमीच्या फुटबॉल संघातून शाहू स्टेडियमवर उतरायचंय ना? तिथं गॅलरीतून काय काय ऐकावं लागतं, ठाऊक आहे?

खोलीत झिदानचं पोस्टर लावलंयस. २००६ ची वर्ल्ड कप फायनल, बर्लिन. सातव्या मिनिटाला गोल त्याचाच. ११० व्या मिनिटाला इटलीचा माटेराझी काहीतरी बोलला आणि ह्यानं त्याच्या छातीत डोकं हाणलं. लाल कार्ड! पेनल्टी शूटआउटला फ्रान्सचा हा कॅप्टन मैदानातच नव्हता. कप इटलीनं नेला. स्पर्धेचा गोल्डन बॉल झिदानलाच मिळाला, पण त्याचं काय लोणचं घालायचं?

अल्बर्ट एलिस नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५५ पासून हेच सांगत होता: भडका घटनेनं उडत नाही, तिच्याबद्दल आपण मनाशी जे बडबडतो त्यानं उडतो. कि. मो. फडक्यांनी ते मराठीत सोपं करून लिहिलंय. वाच जरा. पेनल्टी हुकली, घडलं एवढंच. ‘आता माझी लायकी सगळ्यांना कळली’, हे तुझ्या पदरचं. वाईट वाटू दे की! पेनल्टी हुकून वाईट वाटत नसेल तर तुला संघात घेऊन मी काय करू?

उद्या त्या पोराच्या शाळेत जायचं. नुसतं ‘सॉरी’ पुटपुटून पळायचं नाही. ‘पेनल्टी हुकल्याची लाज वाटत होती, ती तुझ्यावर काढली’, असं त्याच्या तोंडावर बोलायचं. जमलं तर शनिवारी सरावाला बूट घालून ये. नाही जमलं तरी ये, बॉल गोळा करायला कुणीतरी लागतंच.