आकाश आणि छावणी

मानवाने अवकाशात का जावे, या प्रश्नाला दिली जाणारी उत्तरे बहुधा उदात्त असतात. जिज्ञासा, साहस, मानवजातीचे कल्याण हे शब्द त्यांत हटकून येतात. परंतु कृतीमागील प्रेरणा घोषणेत क्वचितच सापडते. ती त्या कृतीच्या परिणामांतून ओळखावी लागते. या दृष्टीने लखनौचे उदाहरण उद्बोधक आहे.

अवधचा बादशहा नसीरुद्दीन हैदर याने १८३० च्या दशकात तेथे वेधशाळा उभारण्यास आरंभ केला. लोक तिला 'तारेवाली कोठी' म्हणू लागले. रिचर्ड विलकॉक्स हा कंपनीच्या सैन्यातील अधिकारी तिचा ज्योतिर्विद होता. १८४८ साली तो निवर्तला आणि पुढच्याच वर्षी वाजिद अली शाहने वेधशाळा बंद केली. १८५७ च्या रणधुमाळीत तेथील उपकरणेही नष्ट झाली. वेध घेतले गेले, पण त्यांचा लाभ ना प्रजेला झाला, ना विद्येला. दरबाराचा अलंकार म्हणून आणलेली विद्या दरबाराची रुची पालटताच निराधार होते.

त्या उठावानंतर लखनौच्या दक्षिणेस आजची छावणी वसली. चीनशी झालेल्या युद्धानंतर, १९६३ च्या मे महिन्यात, लष्कराच्या मध्य विभागाचे मुख्यालय या छावणीत आले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला केरळातील थुंबा येथून भारतातील पहिले संशोधन-अग्निबाण उडाले. ते अमेरिकन होते आणि त्याचा खालचा टप्पा मुळात विमानवेधी क्षेपणास्त्रासाठी घडवलेला होता. तात्पर्य, अवकाशाची वाट छावणीतूनच जाते. मग तिला निर्मळ म्हणावे काय?

उगमाच्या शुद्धतेचा आग्रह धरला तर मानवाची फारच थोडी विद्या त्या कसोटीला उतरेल. विक्रम साराभाईंनी प्रश्नाचा रोख उगमाकडून विनियोगाकडे वळवला. गरीब देशाने बड्या राष्ट्रांशी स्पर्धा न करता हे तंत्र आपल्या माणसांच्या अडचणींसाठी वापरावे, अशी त्यांची भूमिका होती. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ च्या 'फायलिन' वादळात बळींची संख्या शंभराच्या आत राहिली, कारण उपग्रहांच्या साहाय्याने वेळीच अंदाज बांधता आला आणि लाखो लोकांना आधीच हलवता आले. या भूमिकेचे समर्थन त्या वाचलेल्या जिवांत आहे.

२०२५ साली लखनौचेच सुपुत्र, वायुदलातील ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोहोचले. तेथे त्यांनी मूग-मेथीला मोड आणण्याचाही प्रयोग केला. शहराला अभिमान वाटला आणि तो स्वाभाविक होता. तथापि अभिमान हीसुद्धा दरबारी प्रेरणाच होय. फरक इतकाच की लोकशाहीत दरबार आपणच असतो. २०१९ च्या मार्चमध्ये भारताने क्षेपणास्त्राने स्वतःचाच उपग्रह फोडला तेव्हाही आपण टाळ्या वाजवल्या. त्याचे तुकडे मात्र काही काळ सर्वांच्याच आकाशात भिरभिरत राहिले.

म्हणून प्रेरणा संमिश्र आहे, ही तक्रार अपुरी ठरते. विचारायला हवे ते असे: टाळ्या थांबल्यावर हे काम चालू राहील काय, आणि त्याचे फळ टाळ्या न वाजवणाऱ्यापर्यंतही पोहोचेल काय? तारेवाली कोठी या दोन्ही प्रश्नांपाशी ढळली. आपल्या वेधशाळांना आणि अग्निबाणांना त्यांची उत्तरे अजून द्यायची आहेत.