उचलून नेणारे हात

भाईंदर ते वसई ही रो-रो फेरी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घोडबंदरचा लांबलचक वळसा टळला आणि वसईचा किल्ला खाडीपलीकडे पंधरा-वीस मिनिटांवर आला. ही सोय केली ती दुचाकी-चारचाकींसाठी. तरी मिरा-भाईंदरमधल्या व्हीलचेअरवरच्या माणसाला एका दिवसाची सहल सुचवायची झाली, तर मला आधी हीच फेरी आठवते. गाडी पायरी चढत नाही, तिला उतार लागतोच, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मोटारीसाठी उतार ही गरज ठरते. तोच माणसासाठी मागितला की सवलत होते.

गोराईचं उदाहरण घ्या. तिथला विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. बोरिवलीहून लाँचनं खाडी ओलांडली की तो जवळ. पण भरती-ओहोटीबरोबर लाँच खालीवर होते आणि धक्क्यावरून तिच्यात पाय टाकूनच उतरावं लागतं. ज्याला पाय टाकता येत नाही, त्यानं भाईंदर-उत्तनमार्गे रस्त्यानं यायचं. त्यासाठी गाडी हवी, कारण घडी न होणारी व्हीलचेअर रिक्षात मावत नाही. लोकलला दिव्यांगांचा डबा आहे. फलाट आणि डबा यांतली फट मात्र त्याच्याही दारात असते, आणि गाडी थांबते अर्धं मिनिट. पर्यटनस्थळांच्या याद्या छापून येतात, त्यांत हे काही नसतं. सहल सोसायटीच्या जिन्यापासून सुरू होते आणि वाटेतली एकच पायरी ती संपवायला पुरते.

अशा पायरीपाशी आपली माणसं काय म्हणतात? ‘त्यात काय, उचलून नेऊ की!’ हा आपलेपणा खरा आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड जातं. चार हात पुढे येतात, माणूस वर पोचतो, फोटो निघतो आणि पायरी जिथल्या तिथे राहते. उचलला जाणारा माणूस मग पुढच्या वेळी स्वतःच म्हणतो, ‘तुम्ही जाऊन या, मी बसतो घरी.’ नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीत येऊन दोन दशकं उलटली. आपल्याला विषय माहीत नाही, असं म्हणायची सोय उरलेली नाही.

कायदाही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात या नियमांतला सुगमतेचा नियमच रद्द ठरवला, कारण कायद्यानं सांगितलेल्या सक्तीच्या जागी त्यात नुसत्या मार्गदर्शक सूचना होत्या. सवलतवाली वृत्ती नियमातही शिरली होती, ती अशी.

हे किती जणांसाठी, असा प्रश्न येतोच. २०११च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के लोक दिव्यांग नोंदले गेले. मिरा-भाईंदरची तेव्हाची लोकसंख्या आठ लाखांवर. त्या सरासरीनं शहरात अठरा हजारांच्या आसपास माणसं होतात. सगळी व्हीलचेअरवरची नव्हेत, पण गुडघे दुखणारे आजी-आजोबा या आकड्यात धरलेलेच नाहीत.

चेन्नईनं २०२२ मध्ये मरीना किनाऱ्यावर व्हीलचेअरसाठी लाकडी मार्ग बांधला. काही दिवसांतच मांडूस वादळानं तो मोडला, तेव्हा दुरुस्त केला. उत्तनच्या किनाऱ्यावर असा मार्ग का नको? फक्त त्याचा उतार मापात हवा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे साधं गणित. सहा पायऱ्यांच्या उंचीला दहा-अकरा मीटर लागतात. जागा वाचवायला कंत्राटदार उतार तीव्र करतो आणि मागून ढकलणारा पुन्हा लागतोच. उतार ताब्यात घेण्याआधी महापालिकेच्या अभियंत्यानं व्हीलचेअरवर बसून, कुणाचा हात न लागता, तो चढून दाखवावा. एवढी अट निविदेत घालायला कुठलाच कायदा आड येत नाही.